साचा किती जड असावा?
मिरजेच्या ताम्रपटांपासून संकेतस्थळाच्या शैलीपत्रकांपर्यंत

खटाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेचे विज्ञान शिक्षक गेल्या वर्षी माझ्याकडे एक अडचण घेऊन आले. शाळेचे एक छोटे संकेतस्थळ आहे. त्यावर प्रवेशाच्या सूचना, वेळापत्रक, परीक्षांच्या तारखा आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे एवढाच मजकूर. ज्या शिक्षकांनी ते बांधले, त्यांची बदली झाली. आता सुट्टीची साधी सूचना बदलायची तरी कोणी हात लावायला धजत नाही. पान उघडायला फार वेळ लागतो. शिवाय शाळेच्या नावावरची शिरोरेषा जागोजागी तुटलेली दिसते. "मॅडम, आमच्यासारख्यांना झेपेल असे एखादे हलके सीएसएस फ्रेमवर्क सुचवा," असे त्यांचे म्हणणे होते.

एखादे नाव सांगून मोकळे होता आले असते. पण 'हलके' म्हणजे नेमके काय, हे ठरल्याशिवाय निवड कशी करणार? किलोबाइटात मोजले की ते हलके, की समजायला सोपे ते हलके? हा प्रश्न संगणकाइतका नवा नाही. तो छापखान्यांनाही पडला होता, आणि त्याचा एक जुना धागा आपल्या सांगली जिल्ह्यातच सापडतो. म्हणून उत्तराआधी थोडा इतिहास पाहू.

एकाच वर्षातील दोन पुस्तके

पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्याच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हे इंग्रजांचे वकील होते. त्या काळात पुण्यातील एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरून त्यांचे ठसे कागदावर घेण्याची युक्ती शिकला. नाना फडणीसांनी त्याच्याकडून भगवद्गीता छापून घेण्याचे योजले होते. पण १८०० साली नाना वारले आणि काम अर्धवट राहिले. हा कारागीर पुढे मिरजेला गेला. तेथील संस्थानिक गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनी त्याला आश्रय दिला, आणि १८०५ मध्ये मिरजेत ताम्रपटांवरून गीता छापली गेली. (याच गंगाधररावांशी न पटल्याने त्यांचे पुतणे चिंतामणराव १८०१ मध्ये वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीचे संस्थान उभे केले.)

त्याच १८०५ साली दूर बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापून निघाले. तेथे पद्धत वेगळी होती. प्रत्येक अक्षराचा शिशाचा सुटा खिळा पाडायचा, खिळे ओळीने जुळवून पान बांधायचे, छपाई झाली की ते पुन्हा सुटे करून खणांत टाकायचे. पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने अशा खिळ्यांचा पाया घातला होता.

दोन्ही पद्धतींमधला फरक नीट पाहा. ताम्रपटात मजकूर आणि त्याचे रूप ही एकच वस्तू असते. श्लोक कोरला की त्याचा आकार, ओळींमधले अंतर, समास सारे त्या पत्र्यात कायमचे बसते. गीतेचा पट दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला उपयोगी पडत नाही. एक काना चुकला तर पत्र्यावरच खाडाखोड करावी लागते. आणि हे सारे कसब एका माणसाच्या हातात असते. तो पुण्याहून मिरजेला गेला, तेव्हा कलाही त्याच्याबरोबर गेली. खिळ्यांच्या पद्धतीत मात्र मजकूर बदलतो, खिळे तेच राहतात. 'शीर्षक मोठ्या खिळ्यात, मजकूर लहान खिळ्यात, दोन ओळींत अमुक जाडीची पट्टी' असे एकदा ठरले की कोणीही जुळारी पुढचे पान त्याच रूपात बांधू शकतो. मराठी छपाईची पुढची वाट या सुट्या खिळ्यांनी आणि शिळाछापाने आखली.

खणांचे ओझे

पण सुटे खिळे म्हणजे हलके काम असे मात्र नव्हे. रोमन लिपीला लहान-मोठी अक्षरे, आकडे आणि चिन्हे धरून शंभराच्या आसपास खिळ्यांत काम भागवता येते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांत जाते. नियतकालिके वाढू लागल्यावर हे ओझे अधिकच जाणवू लागले. किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या वसाहतीतून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. मासिक दर महिन्याला निघते, त्यामुळे त्याला दर वेळी नव्याने रूप ठरवत बसणे परवडत नाही. ठरलेला साचा हवाच असतो.

याच काळात लिपी हलकी करण्याचेही प्रयत्न झाले. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही वेगळी अक्षरे सोडून 'अ'लाच वेलांटी, उकार आणि मात्रा लावायच्या: अि, अी, अु, अू, अे, अै. खिळे कमी लागावेत, टंकलेखन सोपे व्हावे, हा हेतू होता. काही काळ ती वापरलीही गेली, पण नेहमीच्या लेखनात टिकली नाही. छापणाऱ्याचे ओझे कमी झाले, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना नवी सवय लावून घ्यावी लागत होती. हलकेपणाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे पाहायला हवे, ही या प्रयत्नातून मिळणारी शिकवण आहे. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

साताऱ्याच्या बाजूला वाई येथे याचा आणखी एक मोठा नमुना आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे मराठी विश्वकोशाचे काम झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. खगोलापासून संगीतापर्यंतच्या हजारो नोंदी, शेकडो लेखक, कित्येक दशकांचा काळ. तरी कोणताही खंड उघडा, नोंदीचे शीर्षक, परस्परसंदर्भाची खूण, शेवटी लेखकाचे नाव यांची मांडणी ओळखीची वाटते. लेखक बदलले, संपादक बदलले, तरी मांडणीचे नियम मजकुरापासून वेगळे आणि लिहून ठेवलेले होते, म्हणून हे शक्य झाले. आज हा विश्वकोश संकेतस्थळावरही वाचता येतो.

संकेतस्थळाचा ताम्रपट

आता संगणकाकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत १९८९ ते १९९१ या काळात वर्ल्ड वाइड वेब उभे केले. त्यातील पाने एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहितात. 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद', 'ही यादी' एवढेच ती भाषा सांगते. शीर्षक कोणत्या रंगाचे, केवढ्या आकाराचे, हे सांगण्याची सोय सुरुवातीला जवळजवळ नव्हती. लोकांना पाने सजवायची होती. म्हणून मजकुरातच रंगाच्या आणि आकाराच्या खुणा घुसल्या. शंभर पानांवरची शीर्षके निळी करायची तर शंभर ठिकाणी बदल करायचा. म्हणजे पुन्हा ताम्रपटच.

सर्नमध्ये काम करणारे नॉर्वेचे होकॉन व्हियम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये यावर उपाय सुचवला. रूपाचे नियम वेगळ्या पत्रकात लिहायचे: 'सर्व शीर्षके निळी, परिच्छेदाच्या ओळींत दीडपट अंतर.' नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. डिसेंबर १९९६ मध्ये या नियमभाषेची पहिली अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीच सीएसएस. तिच्या नावातील 'कॅस्केडिंग' या शब्दाचा अर्थ पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे. आधी ब्राउझरचे स्वतःचे नियम, त्यावर पान लिहिणाऱ्याचे नियम, आणि त्या नियमांतही वजन सारखे असेल तर नंतर लिहिलेला नियम आधीच्या नियमावर मात करतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

सांगाडे का निर्माण झाले?

भाषा मिळाली, तरी दोन अडचणी राहिल्या. पहिली, वेगवेगळे ब्राउझर तोच नियम वेगवेगळ्या रीतीने दाखवत. दुसरी, पानाचे रकाने पाडण्याची सरळ सोयच सीएसएसमध्ये नव्हती. चित्राशेजारून मजकूर वळवण्यासाठी असलेल्या नियमाचा आडवाटेने वापर करावा लागे. या खटपटी प्रत्येकाने पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा कोणीतरी एकदाच करून ठेवाव्यात, या विचारातून तयार नियमांचे संच निघाले. यांनाच फ्रेमवर्क म्हणतात. आपण 'सांगाडा' म्हणू.

२००७ मध्ये ओलाव ब्योरकोय यांचा 'ब्लूप्रिंट' आला. २००८ मध्ये नेथन स्मिथ यांची '९६०' ही जाळी आली. या आकड्यामागे शाळेतले गणित आहे. तेव्हाचे पडदे बहुधा १०२४ बिंदू रुंद असत. त्यात मावेल अशी सोयीची रुंदी हवी होती. १००० का नको? १००० चे विभाजक १६ आहेत, आणि त्यांत ३ किंवा १२ नाहीत. ९६० = २ × २ × २ × २ × २ × २ × ३ × ५, म्हणून त्याचे विभाजक २८. बारा रकाने पाडले तर प्रत्येकी ८० बिंदू, सोळा पाडले तर ६०. सारे पूर्णांक!

मग मोबाइल आला आणि एकच ठरावीक रुंदी निरुपयोगी झाली. ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये पडद्याप्रमाणे आकार बदलणाऱ्या पानांची कल्पना मांडली. ऑगस्ट २०११ मध्ये ट्विटर कंपनीतील मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी 'बूटस्ट्रॅप' सर्वांसाठी खुले केले. मुळात ते कंपनीच्या अंतर्गत साधनांसाठी घडवलेले होते, म्हणून त्यात बटणे, यादीपट्ट्या, अर्ज, सूचनाखिडक्या असा सारा संसार आहे. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे संपूर्ण शैलीपत्रक, मोकळ्या जागा काढूनही, दीडशे किलोबाइटांच्या वर जाते. त्याच २०११ साली डेव्ह गमाश यांनी 'स्केलेटन' काढले. त्याच्या पुढच्या आवृत्तीत सुमारे ४०० ओळीच आहेत. २०१३ मध्ये याहू कंपनीने 'प्युअर' आणले. दाबून पाठवल्यावर ते ४ किलोबाइटांच्या आसपास भरते. 'मिलिग्रॅम' दोन किलोबाइटांचे, म्हणून नावही तसेच.

मार्च २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी 'ग्रिड' ही रकान्यांची सोय सीएसएसमध्येच आणली. ज्या कामासाठी सांगाडे जन्मले, ते काम आता तीन-चार ओळींत होते. त्यामुळे आणखी हलका प्रकार पुढे आला. त्यात मजकुराला कोणतीही खास नावे द्यावी लागत नाहीत. साधे एचटीएमएल लिहायचे, पत्रक जोडायचे, झाले. 'वॉटर', 'सिंपल', 'पिको'ची एक आवृत्ती हे या जातीतले.

काट्यावर ठेवून पाहू

आता खटावच्या शाळेकडे परत येऊ. ते पान जड कशामुळे झाले होते? शिक्षकांचा समज असा की मोठ्या सांगाड्यामुळे. आपण मोजून पाहू. मोठे शैलीपत्रक दाबून पाठवल्यावर ३० किलोबाइट धरू, आणि गावातील जोडणीचा वेग सेकंदाला १ मेगाबिट धरू. ३० किलोबाइट म्हणजे २४० किलोबिट; लागला सुमारे पाव सेकंद. आता मोबाइलवरून थेट चढवलेले ३ मेगाबाइटांचे छायाचित्र घ्या. ते २४ मेगाबिट, म्हणजे २४ सेकंद. स्नेहसंमेलनाची अशी सहा छायाचित्रे म्हणजे २ मिनिटे २४ सेकंद! तीच छायाचित्रे लहान करून प्रत्येकी १५० किलोबाइटांवर आणली, तर साऱ्यांना मिळून सुमारे ७ सेकंद पुरतात.

म्हणजे सांगाडा बदलून वेळेचा प्रश्न फारसा सुटणार नव्हता. मग हलका सांगाडा निवडण्याचे कारण उरते का? उरते, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. पान बांधणाऱ्या शिक्षकांची बदली झाली आणि शाळेत ते पान समजणारे कोणी उरले नाही. मिरजेच्या तांबटाची गोष्ट येथे पुन्हा घडली होती. सातारा-सांगलीकडच्या शाळांत बदली ही नेहमीचीच गोष्ट आहे. तेव्हा मागे राहणाऱ्यांना जे वाचून कळेल आणि दुरुस्त करता येईल, ते हलके. चारशे ओळी नववी-दहावीचा विद्यार्थी चार संध्याकाळी बसून वाचू शकतो. हजारो ओळींचे पत्रक तो वापरू शकेल, पण त्यात बिघाड झाला तर शोधणार कोठे? स्केलेटनमध्ये २०१४ नंतर नवी आवृत्ती निघालेली नाही, तरी त्याचे नियम ब्राउझरांना आजही कळतात. छोट्या सांगाड्याचा कर्ता थांबला तरी आपले अडत नाही, ते यामुळेच.

देवनागरीची परीक्षा

आणि तुटलेली शिरोरेषा? तिचे कारण सांगाड्याचे वजन नव्हते. त्यावर चढवलेल्या तयार सजावटीत शीर्षकाची अक्षरे एकमेकांपासून थोडी लांब ठेवण्याचा नियम होता. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांना असे अंतर शोभते. देवनागरीत मात्र अक्षरे रेषेने बांधलेली असतात. अंतर वाढवले की रेषा तुटते, कमी केले की अक्षरे एकमेकांवर चढतात. हलके सांगाडेही यातून सुटलेले नाहीत. स्केलेटनच्या बटणांत अक्षरांतर वाढवलेले आहे, मोठ्या शीर्षकांत कमी केलेले आहे. मिलिग्रॅमच्या बटणांतही ते वाढवलेले आहे. शीर्षकाच्या दोन ओळींतील अंतरही अनेकदा अक्षराच्या १.२ पट एवढेच असते. 'विद्यार्थी' आणि 'मुख्याध्यापक' हे शब्द वरखाली आले तर रफार, वेलांटी आणि उकार एकमेकांना भिडतात. खिळ्यांच्या काळातील जुळारी येथे आणखी एक पट्टी घातल्याशिवाय राहिला नसता.

उपाय सोपा आहे. नंतर लिहिलेला नियम मात करतो, हे आपण वर पाहिले. म्हणून सांगाड्याच्या पत्रकाखाली आपले छोटे पत्रक जोडायचे, आणि त्यात सांगाड्याने जी नावे वापरली तीच वापरून लिहायचे: अक्षरांतर सर्वत्र शून्य, मजकुराच्या ओळींचे अंतर १.७ पट, शीर्षकांचे १.४ पट. याशिवाय पानाच्या सुरुवातीला 'भाषा मराठी' अशी खूण करावी. ज्या अक्षरसंचांत सोय आहे, तेथे त्यामुळे 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळणाची न दिसता मराठी वळणाची दिसतात.

निवड करताना

साध्या संकेतस्थळासाठी सांगाडा घेताना मी पुढील क्रमाने विचार करावा असे सुचवेन.

१. आधी काहीही न जोडता पान पाहा. सूचना आणि वेळापत्रक नुसत्या एचटीएमएलमध्येही वाचता येते. नेमके काय कमी पडते, त्याची यादी करा.

२. रंग, समास आणि ओळींचे अंतर एवढेच हवे असेल, तर खास नावांची गरज नसलेला सांगाडा पुरतो. रकाने, बटणे हवी असतील तर स्केलेटन-प्युअरच्या जातीचा घ्या. अनेक प्रकारचे अर्ज, खिडक्या आणि सरकत्या याद्या लागत असतील, तर बूटस्ट्रॅपसारखा मोठा संच घेण्यात कमीपणा नाही.

३. सांगाड्याची फाइल स्वतःच्या संकेतस्थळावरच ठेवा. दुसऱ्याच्या यंत्रावरून मागवली, तर ते यंत्र बंद पडल्यावर आपले पान उघडे पडते.

४. शाळेचे पूर्ण नाव, मुख्याध्यापकांचे नाव आणि एक लांब सूचना घालून स्वस्त मोबाइलवर पाहा. इंग्रजी नमुन्यावरून निवड करू नका.

५. आपण जोडलेल्या प्रत्येक नियमाशेजारी तो कशासाठी आहे, हे मराठीत एका ओळीत लिहून ठेवा.

खटावच्या शाळेत आम्ही छायाचित्रे लहान केली, जुना संच काढला, पहिल्या जातीचा एक छोटा सांगाडा घेतला आणि खाली स्वतःच्या बारा ओळी जोडल्या. त्या बारा ओळींवरच्या मराठी टिपा नववीच्या दोन विद्यार्थिनींनी लिहिल्या. दिवाळीच्या सुट्टीची सूचना त्यांनीच बदलली. शिक्षक तेव्हा शेजारी बसून होते.

वर्गात करून पाहा

अ) १ ते १०२४ मधील कोणत्या संख्येला सर्वाधिक विभाजक आहेत? ९६० ची निवड त्या कसोटीवर उतरते का?

आ) 'कृष्णा-वेण्णा संगम, माहुली' ही ओळ जाड लेखणीने कागदावर लिहा आणि अक्षरे कात्रीने सुटी करा. त्यांच्यात दोन मिलिमीटर अंतर ठेवून भिंतीवर लावा आणि वर्गाच्या मागच्या बाकावरून वाचा. मग अंतर काढून पुन्हा वाचा. रोमन अक्षरांनी लिहिलेल्या ओळीवर हाच प्रयोग करून दोन्हींची तुलना करा.

इ) शाळेच्या संकेतस्थळाचे एक पान घ्या. मजकूर, छायाचित्रे, अक्षरसंच आणि शैलीपत्रक यांचे वजन किलोबाइटांत वेगवेगळे मोजून स्तंभालेख काढा. सर्वांत उंच स्तंभ कोणता असेल, याचा अंदाज मोजण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवा.